पिंक फ्लॉइडचं ‘एकोज’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाला ‘एकोज’ ऐकायला दिलं की दोन-चार दिवसांत प्रश्न यायला लागतात. सुरुवातीचा तो आवाज कसला? मध्येच गाणं संपतं की काय? इतक्या आवृत्त्या आहेत, त्यातली कुठली ऐकायची? तीसेक वर्षं मी हे गाणं ऐकते आहे आणि हे प्रश्न आधी मलाही पडले होते. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत. काही ठिकाणी माझं मत आहे, ते मत म्हणूनच वाचावं.

हे गाणं नेमकं कधीचं आणि कुणाचं?

पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडचं. १९७१च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘मेडल’ या अल्बमची दुसरी बाजू अख्खी या एका गाण्यानं व्यापली आहे. लांबी साडेतेवीस मिनिटं. गीतकार-संगीतकार म्हणून चौघांचीही नावं आहेत: गिटारवर डेव्हिड गिल्मर, पियानो आणि ऑर्गनवर रिचर्ड राइट, बास गिटारवर रॉजर वॉटर्स, ड्रम्सवर निक मेसन. शब्द वॉटर्सचे. गाणारे दोघं, गिल्मर आणि राइट, आणि तेही आलटून पालटून नाही तर एकत्र. या गाण्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. दोन आवाज इतके लगटून जातात की कुठला कुणाचा हे वेगळं काढायला कान लावावा लागतो.

साडेतेवीस मिनिटं त्यात होतं तरी काय?

पहिली तीन मिनिटं कुणी गातच नाही. एक उंच, ओला स्वर टपकतो. थांबतो. पुन्हा टपकतो. मग त्याच्याभोवती पियानो जमा होतो, गिटार हलकेच आत येते, बास येतो आणि सगळ्यांत शेवटी ड्रम्स. विलंबित ख्याल ऐकणाऱ्या माणसाला ही चाल परकी वाटत नाही. तबला लगेच आला नाही म्हणून आपण बैठकीतून उठत नाही.

तिसऱ्या मिनिटाच्या सुमारास पहिलं कडवं येतं, त्यामागून दुसरं. कडव्यांच्या मध्ये अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी उतरणारी आणि तशीच परत चढणारी एक जाडजूड ओळ सगळे मिळून वाजवतात. एकदा ऐकली की ती विसरता येत नाही. त्यानंतर गिल्मरची गिटार मोकळी होते.

सातव्या मिनिटाच्या आसपास ठेका बदलतो. बास आणि ड्रम्स एका ठोस, नाचऱ्या चालीवर येतात, ऑर्गन मधूनमधून टोचे मारतो, गिटार छोटे छोटे तुकडे फेकते. इथे सूर फारसा हलत नाही, एकाच आधारावर सगळी मजा चालते. लाइव्ह आवृत्त्यांमध्ये खरा फरक दिसतो तो या भागात, त्यामुळे ही जागा ध्यानात असू द्या.

अकराव्या मिनिटाच्या आसपास ठेका विरत जातो आणि उरतो वारा. वाऱ्याचा घोंघाट, दूरवर किंचाळल्यासारखे आवाज आणि कावळ्यांची कावकाव. माझ्या घरी खिडकी उघडी असली की ही कावकाव बाहेरची की गाण्यातली, हे अजूनही क्षणभर कळत नाही. नव्यानं ऐकणारे बहुतेक जण इथेच कंटाळतात आणि पुढे ढकलतात. माझी कळकळीची विनंती आहे, ढकलू नका. साधारण पंधराव्या मिनिटाला त्या अंधारातून सुरुवातीचा तो टपकणारा स्वर परत ऐकू येतो, आणि त्या वेळी अंगावर येणारा शहारा ती चार मिनिटं सोसलेल्यालाच मिळतो. पुढे ऑर्गन आणि गिटार हळूहळू पायरी पायरीनं चढत जातात, झांजा उजळतात, एकोणिसाव्या मिनिटाला तिसरं कडवं येतं, आणि मग शेवट. शेवटाबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

पेटी वाजवणाऱ्यांसाठी: गाण्याचा षड्ज काळी एक. स्वर बहुतांशी आसावरी थाटाचे. सुरुवातीला टपकतो तो स्वर पांढरी सात, म्हणजे षड्जाच्या हिशेबानं कोमल निषाद. म्हणूनच तो एकटा वाजत असताना काहीतरी अपुरं राहिल्यासारखं वाटतं. षड्ज कुठे आहे हे अजून कुणी सांगितलेलंच नसतं.

तो ‘टिंग’ आवाज कुठल्या वाद्याचा? सिंथेसायझर आहे का?

नाही, साधा पियानो आहे. स्टुडिओत राइट पियानोशी खेळत बसला होता. पियानोसमोरचा मायक्रोफोन लेस्ली स्पीकरला जोडलेला होता. लेस्ली म्हणजे मोठा लाकडी खोका, ज्याच्या आत भोंगा गरागरा फिरतो. एरवी तो ऑर्गनला लावतात, म्हणून ऑर्गनचा आवाज लहरत येतो. पियानोचा एक उंच स्वर त्या फिरत्या भोंग्यातून बाहेर पडला आणि पाण्याखालून आल्यासारखा ऐकू आला. पाणबुडीच्या सोनार यंत्राच्या आवाजासारखा, असं बरेच जण म्हणतात.

नंतर घडलं ते मला फार आवडतं. तो स्वर नमुन्याच्या टेपवर होता. नीट, पक्कं ध्वनिमुद्रण करायला बसल्यावर तो पुन्हा तसा निघेना. स्वर तोच, पियानो तोच, खोका तोच, पण ती ओल येईना. शेवटी त्यांनी नमुन्याचाच तुकडा गाण्याच्या सुरुवातीला लावला आणि तिथून पुढच्या पक्क्या मुद्रणात अलगद सरकले. म्हणजे अल्बमवर आपण ऐकतो तो पहिला स्वर सहज, काही ठरवलेलं नसताना वाजवलेला आहे. हेडफोन लावून, आजूबाजूला शांतता असताना ऐका. स्वर विझल्यानंतरचा जो लांबलेला थरथराट आहे, तो फिरत्या भोंग्याचा.

गाण्याचं मूळ नाव ‘नथिंग’ होतं हे खरं का?

खरं आहे. १९७१च्या जानेवारीत चौघं लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत शिरले तेव्हा त्यांच्याकडे एकही गाणं तयार नव्हतं. मग प्रयोग सुरू झाले. त्यातला एक असा: कुठले कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट, येणार ते ठरवायचं, ‘पहिली दोन मिनिटं हळवी, पुढची दोन जलद’ एवढाच ढोबळ भाव ठरवायचा, आणि मग प्रत्येकानं एकट्यानं, बाकीच्यांनी काय वाजवलंय ते न ऐकता, आपापला भाग वाजवून टाकायचा. सगळं एकावर एक ठेवलं की काय होतं ते बघायचं. मेसननं आपल्या पुस्तकात हे सविस्तर सांगितलं आहे. हाती फारसं काही लागलं नाही. अशा तुकड्यांना त्यांनी ‘नथिंग’ म्हणून क्रमांक दिले, १ ते २४ असे. पुढे त्यातून धागा मिळत गेला तसं नाव ‘सन ऑफ नथिंग’ झालं, आणि मग ‘रिटर्न ऑफ द सन ऑफ नथिंग’.

‘द अर्ली इयर्स’ या २०१६च्या मोठ्या संचात ‘नथिंग, भाग १४’ ऐकायला मिळतो. सातेक मिनिटांचा तुकडा आहे, अजून गाणं न झालेला. तो ऐकून लगेच अल्बमवरचं गाणं लावा.

मला यात एक गोष्ट खरोखर महत्त्वाची वाटते. एकमेकांना न ऐकता वाजवलं तेव्हा काही झालं नाही. आणि ज्या गाण्याचा जीव दोघांनी एकमेकांना ऐकण्यात आहे, ते गाणं त्याच खटाटोपातून, पण तो प्रयोग बाजूला ठेवल्यावर उभं राहिलं. पुढे पस्तीस वर्षं हे गाणं जगलं ते याच बळावर.

ध्वनिमुद्रण तीन ठिकाणी झालं. अ‍ॅबी रोडला त्या वेळी आठच ट्रॅकची यंत्रं होती, इतक्या थरांचं काम त्यात मावेना. म्हणून ते सोळा ट्रॅकच्या सोयीसाठी एअर स्टुडिओत गेले, काही काम मॉर्गन स्टुडिओत केलं.

शब्द कशाबद्दल आहेत? समुद्राबद्दल?

सुरुवात समुद्रापासून होते खरी. अल्बट्रॉस पक्षी, लाटांखालच्या गुहा, प्रवाळ. पण दुसऱ्या कडव्यात आपण एकदम रस्त्यावर येतो. दोन अनोळखी माणसं समोरासमोरून जातात, नजरानजर होते, आणि एकाला दुसऱ्यात आपणच दिसतो. पहिल्या मसुद्यात अवकाशातले ग्रह एकमेकांना भेटत होते. तोवर पिंक फ्लॉइडवर अंतराळातली गाणी करणारा बँड असा शिक्का बसला होता, आणि वॉटर्सला त्यातून बाहेर यायचं होतं. ग्रह गेले, माणसं आली.

वॉटर्सनं सांगितलं आहे की लंडनमधल्या सुरुवातीच्या दिवसांत त्याला फार तुटल्यासारखं वाटे. रस्त्यावरून लोकांचे लोंढे जाताना दिसत, पण कुणाशी काही नातं नाही. दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी उभं राहिलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पुढे वॉटर्सनं जे जे लिहिलं, त्यातली सहानुभूतीची धग पहिल्यांदा इथे लागते असं मी मानते.

मधला तो किंचाळणारा आवाज देवमाशाचा आहे का?

गिटारचा आहे. गिल्मरकडे वाह पेडल होतं, पायानं दाबून गिटारचा आवाज ‘वाऽव’ असा उघड-बंद करण्याचं. एकदा त्याच्या वायरी चुकून उलट्या जोडल्या गेल्या, आत जाणारी बाहेर आणि बाहेरची आत. गिटारमधून एकदम पक्ष्यासारखी किंकाळी निघाली. चूक दुरुस्त करण्याआधी गिल्मरनं ती ऐकून घेतली, गिटारवरची बटणं फिरवली की किंकाळी वर-खाली होते हे शोधलं, आणि ती जपून ठेवली. १९७०च्या कार्यक्रमांत ‘एम्ब्रियो’ या दुसऱ्या गाण्यात तो हे करत असे. ‘एकोज’मध्ये त्याला खरी जागा मिळाली. कुणाला त्यात देवमासा ऐकू येतो, कुणाला समुद्रपक्षी.

त्यामागचा वारा वॉटर्सच्या बास गिटारचा आहे. तारांवर स्लाइड, म्हणजे बोटात घालायची गुळगुळीत नळी, घासून तो आवाज बिन्सन एकोरेक या इटालियन यंत्रातून काढला आहे. या यंत्रात टेपऐवजी एक फिरणारी चुंबकीय चकती असते. आवाज तिच्यावर उमटतो आणि थोड्या थोड्या अंतरानं पुन्हा पुन्हा वाचला जातो, त्यातून प्रतिध्वनी मिळतो. ‘एकोज’ म्हणजे प्रतिध्वनीच, त्यामुळे गाण्याच्या नावाशी यंत्राचं नातं आपोआपच जुळलं आहे.

याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणायचं का?

लांबी, भागांची रचना आणि स्टुडिओतले प्रयोग पाहता हो. पण या प्रकारातल्या कित्येक रचनांमध्ये बोटांची तयारी दाखवायची ओढ असते, अवघड मात्रा असतात. ‘एकोज’ जवळजवळ सगळं चार मात्रांत चालतं आणि त्यात कुणीही अति वेगानं वाजवत नाही. इथे सगळी कमाई आवाजाच्या पोताची आहे.

पहिल्यांदा लोकांसमोर कधी वाजवलं?

२२ एप्रिल १९७१, इंग्लंडमधलं नॉरविच. अल्बम यायला अजून सहा महिने होते आणि नाव ‘रिटर्न ऑफ द सन ऑफ नथिंग’ असंच होतं. त्यानंतर १५ मे रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला उघड्यावरच्या कार्यक्रमातही ते झालं. तिथे रंगमंच आणि श्रोते यांच्या मध्ये तळं आहे, दिवसभर पाऊस होता, आणि त्याच कार्यक्रमात तळ्यातून हवेनं फुगवलेला भलामोठा ऑक्टोपस वर काढला होता. ३० सप्टेंबरला बीबीसी रेडिओसाठी लंडनमध्ये केलेलं मुद्रण आता ‘द अर्ली इयर्स’ संचात उपलब्ध आहे. लाइव्ह ‘एकोज’चा सर्वांत ताजा, अजून पुरता न मुरलेला रंग ऐकायचा असेल तर तो तिथे आहे. कडवी जरा घाईत येतात, पण ड्रम्स काय सुरेख बोलतात!

पॉम्पेईची आवृत्ती एवढी गाजलेली का आहे?

कारण ती डोळ्यांनी ऐकता येते. १९७१च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला दिग्दर्शक एड्रियन मेबननं इटलीतल्या पॉम्पेईच्या प्राचीन रोमन रंगभूमीवर बँडला वाजवायला लावलं, आणि समोर एकही प्रेक्षक ठेवला नाही. ही कल्पना त्याला सुचली ती सुट्टीत पॉम्पेई पाहायला गेला असताना. त्याचा पासपोर्ट हरवला, तो शोधायला संध्याकाळी परत त्या भग्न रंगभूमीत गेला, आणि तिथली शांतता आणि आवाजाचे पडसाद त्याच्या मनात राहिले.

बँडची अट होती की टेप लावून नुसते ओठ हलवायचे नाहीत, सगळं खरोखर वाजवायचं. त्यासाठी लंडनहून ट्रकभर सामान आलं. आल्यावर वीज पुरेना, गावातून लांबलचक केबल ओढावी लागली, आणि मोजक्या दिवसांतले काही त्यातच गेले. पॉम्पेईत प्रत्यक्ष तीनच गाणी चित्रित झाली, त्यात ‘एकोज’ होतं. चित्रपटातला बाकीचा भाग नंतर पॅरिसच्या स्टुडिओत केलेला आहे.

चित्रपटात हे गाणं दोन तुकड्यांत आहे. पहिला तुकडा सुरुवातीला, दुसरा अगदी शेवटी, आणि जोड बरोबर ठेका विरून वारा सुरू होतो तिथे. संगीत म्हणून हे तोडणं मला अजून खटकतं. पण चित्र म्हणून? धूळ, ऊन, उघड्या अंगानं वाजवणारा गिल्मर, मेसनच्या हाताची लय आणि कॅमेरा मागे गेला की रिकाम्या दगडी पायऱ्या. ते दोघं कडवं गातात तेव्हा राइट आणि गिल्मर यांचे चेहरे पाहा. समोर कुणीच नाही, त्यामुळे गाणं एकमेकांसाठीच गायलं जातंय.

१९७२च्या सप्टेंबरमध्ये एडिनबरा महोत्सवात हा चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला. २००३ साली दिग्दर्शकानं संगणकावरची अवकाशातली दृश्यं घालून नवी आवृत्ती काढली, ती टाळलीत तरी चालेल. २०२५च्या एप्रिलमध्ये मूळ फिल्म साफ करून, स्टीव्हन विल्सननं केलेल्या नव्या ध्वनिमिश्रणासह चित्रपटगृहांत आली आणि मे महिन्यात अल्बम म्हणूनही निघाली. बासचा आवाज आता कुठे पोटात जाणवतो.

सॅक्सोफोन असलेली आवृत्ती ऐकल्याचं आठवतंय. ती याच गाण्याची का?

हो, याच गाण्याची. १९७४-७५च्या कार्यक्रमांत ‘एकोज’ सगळ्यात शेवटी, लोकांनी पुन्हा बोलावल्यावर वाजवत. तेव्हा बँडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमसाठी बरोबर असलेला सॅक्सोफोनवादक डिक पॅरी आणि साथीच्या गायिका व्हेनेटा फील्ड्स आणि कार्लेना विल्यम्स हेही त्यात सामील होत. मधल्या नाचऱ्या भागात गिटारच्या जागी सॅक्सोफोन येतो. भरगच्च वाटतं, पण दोघांचा एकांत मोडतो. ५ जुलै १९७५ला नेबवर्थ इथे चौघांनी मिळून ‘एकोज’ शेवटचं वाजवलं.

दरम्यान या गाण्याला दोन निराळ्या वाटा मिळाल्या होत्या. नृत्यरचनाकार रोलाँ पेती यांनी १९७२-७३मध्ये मार्सेय आणि पॅरिस इथे बँडच्या संगीतावर बॅले बसवला, त्यात ‘एकोज’ होतं, आणि बँड रंगमंचावर प्रत्यक्ष वाजवत असे. आणि ‘क्रिस्टल व्हॉयेजर’ या १९७३च्या ऑस्ट्रेलियन चित्रपटाचा शेवटचा मोठा भाग, लाटेच्या पोटातून घेतलेली दृश्यं, पूर्णपणे या गाण्यावर आहे.

वॉटर्स बँड सोडून गेल्यानंतर बाकीच्यांनी हे वाजवलं का?

थोडंच. १९८७च्या दौऱ्याची सुरुवातच ‘एकोज’नं होत होती. पण पहिल्या काही कार्यक्रमांनंतर ते काढलं आणि त्या जागी ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ आलं. त्यानंतर पिंक फ्लॉइड या नावाखाली ते पुन्हा झालं नाही.

ग्दान्स्कची आवृत्ती सर्वोत्तम मानतात, तुम्हाला काय वाटतं?

मलाही तेच वाटतं, आणि त्याचं कारण नीट सांगायला हवं.

२००६ साली गिल्मर स्वतःच्या ‘ऑन अ‍ॅन आयलंड’ अल्बमच्या दौऱ्यावर निघाला आणि सोबत राइट होता. वॉटर्स नाही, मेसन नाही, पण ते दोन आवाज होते. दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम २६ ऑगस्टला पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या गोदीत झाला, ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार चळवळीच्या स्थापनेच्या २६व्या वर्धापनानिमित्त. ‘एकोज’ पंचवीस मिनिटांहून थोडं जास्त चाललं.

तेव्हा दोघंही साठीच्या घरात. आवाजात खर आली आहे. कडवी सुरू होतात तेव्हा अल्बमवरची मुलायम गुळगुळी नाही, आणि नसण्यानं शब्दांना वजन आलं आहे. पण सगळी किमया त्या मधल्या नाचऱ्या भागात आहे. गिल्मर एक छोटा तुकडा वाजवतो. राइट ऑर्गनवर त्याला उत्तर देतो. गिल्मर ते उत्तर उचलतो, थोडं वाकवतो, परत फेकतो. सवाल-जवाब म्हणावा असा प्रकार, पण चढाओढ नाही, कुणाला हरवायचं नाही. चित्रीकरणात त्यांचे चेहरे दिसतात: एकाला दुसरा काय करणार हे कळायच्या आधी हसू फुटतं. तिथे मी दर वेळी ध्वनी मोठा करते.

हा अल्बम २००८च्या सप्टेंबरमध्ये, २२ तारखेला बाजारात आला. राइट त्याच्या आदल्या आठवड्यात, १५ सप्टेंबरला, कर्करोगानं गेला होता. तो ६५ वर्षांचा होता.

मग गिल्मर आता हे का वाजवत नाही?

राइटशिवाय नाही, असं त्यानं स्वतः सांगितलं आहे. २०१६च्या जुलैमध्ये तो पॉम्पेईच्या त्याच रंगभूमीवर परत गेला, या वेळी समोर प्रेक्षक होते. ‘वन ऑफ दीज डेज’ वाजवलं. ‘एकोज’ वाजवलं नाही. त्याचं म्हणणं असं की त्या गाण्यात आम्ही दोघं जे करतो ते दुसऱ्या कुणाला शिकवून, पाठ करून घेऊन होणारं नाही. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. लोकांची मागणी असताना, जागा तीच असताना, मित्राची खुर्ची रिकामी ठेवणं सोपं नसतं.

मेसननं मात्र आपल्या ‘सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ या बँडबरोबर २०२२पासून ते पुन्हा वाजवायला घेतलं. त्याची साथ आजही तेवढीच भरवशाची आहे, आणि तरुण श्रोत्यांना हे गाणं समोर बसून ऐकायला मिळालं ते त्याच्यामुळे. दोघांचे निर्णय उलट आहेत आणि दोन्ही मला पटतात.

मुंबईत हे गाणं कधी झालं आहे का?

वॉटर्स २००७च्या फेब्रुवारीत मुंबईत आला होता, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर. ‘डार्क साइड ऑफ द मून’ संपूर्ण वाजवलं, पण त्यात ‘एकोज’ नव्हतं.

‘२००१: अ स्पेस ओडिसी’च्या शेवटाबरोबर हे गाणं हुबेहूब जुळतं म्हणतात. मुद्दाम केलंय का?

तो चित्रपट १९६८चा. त्याच्या शेवटच्या, गुरू ग्रहापलीकडच्या प्रवासाच्या भागाची लांबी गाण्याएवढीच आहे, आणि एकत्र लावले तर काही जागा खरंच चकित करतात. मुद्दाम केल्याचा पुरावा नाही. घरच्या घरी लांब चित्रपटाशी संगीत सेकंदा-सेकंदानं जुळवण्याची साधनं १९७१ साली बँडच्या हाती नव्हती.

‘फँटम ऑफ द ऑपेरा’शी साम्य आहे का?

आहे. अँड्र्यू लॉइड वेबर यांच्या त्या १९८६च्या संगीतनाटकाच्या शीर्षकगीतातली उतरती-चढती ओळ ‘एकोज’मधल्या त्या जाडजूड ओळीसारखी आहे. वॉटर्सनं मुलाखतीत तसं उघड म्हटलं, १९९२च्या आपल्या ‘अम्यूज्ड टू डेथ’ अल्बममधल्या एका गाण्यात राग काढला, पण कोर्टात गेला नाही. मात्र अर्ध्या स्वरांची अशी उतरण पाश्चात्त्य संगीतात शतकानुशतकं आहे, हेही विसरू नये.

संकलनात याची १६ मिनिटांची आवृत्ती आहे. ती चालेल का?

२००१ साली ‘एकोज’ याच नावाचं दोन सीडींचं संकलन निघालं, त्यात गाणं साडेसोळा मिनिटांवर आणलं आहे. कापाकापी सफाईनं केली आहे, सांधा सहज कळत नाही. तरी अंधार कमी केला की उजेडही कमी होतो. ओळख म्हणून ठीक, पण त्यावर थांबू नका.

मी नव्यानं ऐकणार आहे. कुठून सुरू करू?

अल्बमवरून. रात्री, दिवे घालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, एका बैठकीत. मग काही दिवस जाऊ द्या. त्यानंतर पॉम्पेई पाहा, आणि ग्दान्स्क सगळ्यात शेवटी. क्रम महत्त्वाचा आहे, कारण तरुण आवाज कानात बसल्याशिवाय म्हातारे आवाज काय सांगताहेत ते पोहोचत नाही. त्यानंतर २००६मध्येच अ‍ॅबी रोडला गिल्मर आणि राइट यांनी केलेली छोटी, साध्या गिटारवरची आवृत्ती शोधा. त्यात वारा नाही, किंकाळ्या नाहीत, फक्त गाणं आहे.

शेवटी तो वर वर चढत जाणारा आवाज कसा केला आहे?

दोन टेपयंत्रं खोलीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवली. एकावर गाण्याचे कॉर्ड्स वाजवायचे आणि त्याच वेळी मुद्रित करायचे, ते दुसऱ्यानं वाजवायचं, ते पुन्हा मुद्रणात मिसळायचं. प्रत्येक फेरीला थोडा उशीर, थोडी झीज. स्वरांचे थर एकमेकांवर चढत जातात आणि माणसांचा मोठा समूह गात गात वर निघाल्यासारखा भास होतो. तो चढतो, चढतच राहतो, पण पोहोचतो कुठे ते कळत नाही.

हा शेवट मला पहिली सात-आठ वर्षं माहीतच नव्हता. शाळेत असताना मामेभावानं ‘मेडल’ मला कॅसेटवर भरून दिला होता. कॅसेट नव्वद मिनिटांची, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस, आणि अल्बम जवळपास ४७ मिनिटांचा. दुसऱ्या बाजूला त्यानं भीमसेन जोशींचा पूरिया भरला होता. त्यामुळे माझ्या ‘एकोज’मध्ये तिसरं कडवं संपायचं, ते आवाज वर चढायला लागायचे, आणि खट्ट! टेपरेकॉर्डरचं बटण वर उडायचं. गाणं तिथेच संपतं असंच मी धरून चालले होते. पहिल्या पगारातून सीडी घेतली तेव्हा रात्री ऐकत बसले. नेहमीची ती जागा आली, हात सवयीनं बटणाकडे गेला, आणि खट्ट झालं नाही. आवाज चढत राहिले, विरळ होत गेले, त्यांच्याखालून वारा ऐकू आला, आणि मग तोही गेला. सीडी फिरायची थांबली तरी मी बराच वेळ उठले नाही. सकाळी मामेभावाला फोन करून म्हटलं, “दादा, पुढे अजून दीड मिनिट आहे.”